यंत्राने वाचायचे की माणसाने? : वर्गातील पेन-संगणकाचा इतिहास

प्रस्तावना

संगणक महाविद्यालयाच्या वर्गात आला तो कळफलकासह आला आणि कळफलकाबरोबर एक अलिखित अटही आली. जे टंकता येते तेच संगणकाच्या हवाली करता येते, ही ती अट होय. वाणिज्य किंवा इतिहास शिकविणाऱ्या अध्यापकाला ती फारशी जाचली नाही. गणिताच्या अध्यापकाला संकलनाचे चिन्ह, रसायनशास्त्राच्या अध्यापकाला बेंझिनचे षट्कोनी कडे, भूगोलाच्या अध्यापकाला समोच्च रेषा आणि मराठीच्या अध्यापकाला वृत्ताच्या ओळीवरील लघु-गुरूंच्या खुणा मात्र सहजासहजी टंकता येत नव्हत्या. फळ्यावर एका हातासरशी होणारी गोष्ट संगणकावर करायला आदल्या रात्री बसावे लागे. वर्गात प्रोजेक्टर आला तरी या विषयांचा खडू सुटला नाही, याचे कारण अध्यापकांच्या जुनाटपणात शोधण्याची प्रथा पडली. ते कारण विषयांच्या लेखनपद्धतीत शोधणे अधिक न्याय्य ठरले असते.

ज्याच्या पडद्यावर थेट पेनने लिहिता येते असा टॅब्लेट संगणक २००२ साली बाजारात आला आणि पुढील सहा-सात वर्षे अमेरिकेतील काही विद्यापीठांत त्याचा वर्गातील वापर गांभीर्याने अभ्यासला गेला. या साधनाचा इतिहास बहुधा एका फसलेल्या व्यापारी उत्पादनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वर्गाच्या बाजूने पाहिले असता निराळे चित्र दिसते. पेनने लिहिलेले कोणी वाचायचे, यंत्राने की माणसाने, या एका प्रश्नाची दोन उत्तरे या इतिहासात आरंभापासून गुंतलेली आहेत. उद्योगाने आपली बहुतेक शक्ती पहिल्या उत्तरावर खर्च केली. वर्गाला गरज होती ती दुसऱ्याची.

टेबलावरचे पेन

हस्ताक्षर दूर पाठविण्याची खटपट संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. एलिशा ग्रे यांनी १८८८ साली टेलऑटोग्राफ या यंत्राचे पेटंट घेतले. तारेच्या एका टोकाला पेन जसे हले तसेच दुसऱ्या टोकाचे पेन हलत असे आणि कागदावर तेच अक्षर उमटे. यंत्राला अक्षराचा अर्थ ठाऊक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. पलीकडे वाचणारा माणूस बसलेला होता. पुढील शतकाने या साध्या गोष्टीकडे पाठ फिरविली.

संगणकाच्या पडद्यावर हाताने रेखाटन करण्याचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे आयव्हन सदरलँड यांचा ‘स्केचपॅड’ हा कार्यक्रम. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील त्यांचा १९६३ सालचा प्रबंध याच विषयावर होता. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-पेन टेकवून रेषा, वर्तुळे आणि त्यांचे परस्परसंबंध त्यांनी काढून दाखविले. परंतु उभ्या पडद्यावर हात अधांतरी धरून लिहिणे शरीराला मानवणारे नव्हते. प्रकाश-पेनाची ही मूळ अडचण होती.

ती दूर झाली पुढच्याच वर्षी. कॅलिफोर्नियातील रँड कॉर्पोरेशनमध्ये एम. आर. डेव्हिस आणि टी. ओ. एलिस यांनी १९६४ साली ‘रँड टॅब्लेट’ सादर केला. सुमारे दहा इंच लांबी-रुंदीची आडवी पाटी टेबलावर ठेवलेली, तिच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी, आणि पेनाचे टोक जाळीच्या कोणत्या छेदबिंदूपाशी आहे हे ओळखणारी योजना. जाळीत प्रत्येक इंचाला शंभर रेषा होत्या आणि त्यामुळे दहा लाखांहून अधिक स्थाने वेगळी ओळखता येत. लिहायचे टेबलावर आणि पाहायचे समोरच्या पडद्यावर, अशी ही रचना होती. २०२० साली असंख्य अध्यापकांनी यूएसबी वायरने जोडायचा जो स्वस्त पेन-टॅब्लेट विकत घेतला त्याची मांडणी हीच आहे. छप्पन्न वर्षांत किंमत उतरली, हाताची आणि डोळ्याची फारकत तशीच राहिली.

रँडमध्येच या पाटीवर ‘ग्रेल’ ही प्रणाली उभी राहिली. हाताने काढलेली चौकट सरळ होई, हाताने लिहिलेले अक्षर छापील होऊन दिसे. ॲलन के यांनी १९६८ साली ती पाहिली. त्याच वर्षी सीमोर पॅपर्ट यांचे शाळकरी मुलांबरोबर चाललेले लोगो भाषेचे प्रयोगही त्यांच्या पाहण्यात आले. या दोन अनुभवांतून मुलाने वहीसारखा जवळ बाळगावा असा ‘डायनाबुक’ संगणक त्यांनी कल्पिला आणि १९७२ साली त्यावर निबंध लिहिला. तो संगणक त्या रूपात कधी तयार झाला नाही. तरीही ‘मुलाच्या हातातील पाटीएवढा संगणक’ ही प्रतिमा शिक्षणाच्या चर्चेत तेव्हापासून घर करून आहे.

मराठी वाचकाला येथे पाटीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने वा काडीने अक्षरे गिरविली जात. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्याच पद्धतीचा अवशेष होय. मलबारी मुलांना वाळूत लिहिताना पाहून अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मद्रासच्या आश्रमशाळेत ती रीत स्वीकारली आणि पुढे इंग्लंडमध्ये नेली. पाटीचा गुण असा की तिच्यावरचे पुसले जाते, म्हणून मूल चुकायला भीत नाही. पेन-संगणकाने हा गुण घेतला आणि त्याच्या जोडीला नेमका उलटा गुण दिला: लिहिलेली प्रत्येक रेघ, ती कोणत्या क्रमाने आणि केव्हा ओढली यासह, साठवून ठेवता येते.

हस्ताक्षर ओळखण्याचा ध्यास

१९८७ साली स्थापन झालेली गो कॉर्पोरेशन ही कंपनी, १९८९ सालचा ग्रिडपॅड, मायक्रोसॉफ्टचे १९९२ सालचे ‘विंडोज फॉर पेन कम्प्युटिंग’ आणि ॲपलचा १९९३ सालचा न्यूटन मेसेजपॅड या सर्वांना एकच महत्त्वाकांक्षा होती. माणसाने हाताने लिहावे आणि यंत्राने ते वाचून छापील मजकुरात बदलावे. पेन म्हणजे कळफलकाला पर्याय, अशी ही भूमिका होती.

न्यूटनची पहिली आवृत्ती हस्ताक्षराचा संपूर्ण शब्द आपल्या शब्दसंग्रहातील शब्दांशी ताडून पाही. त्यामुळे तिची चूक विचित्र असे. एखादे अक्षर चुकण्याऐवजी अख्खा शब्दच दुसरा होई, आणि तो शब्दसंग्रहातला असल्यामुळे शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष असे. अमेरिकन वृत्तपत्रांतील ‘डून्सबरी’ या व्यंगचित्रमालिकेने १९९३ साली न्यूटनची याच कारणाने थट्टा केली आणि ती थट्टा यंत्रापेक्षा दीर्घायुषी ठरली. वर्गाच्या दृष्टीने या पद्धतीतील दोष अधिक खोल होता. अध्यापन म्हणजे शब्दसंग्रहात नसलेले शब्द विद्यार्थ्यांच्या ओळखीचे करून देणे. पारिभाषिक संज्ञा, विशेषनामे, सूत्रे, परकीय शब्द हेच वर्गातील मुख्य लेखन, आणि नेमके तेच या यंत्राला अपरिचित.

१९९६ साली आलेल्या पाम पायलटने प्रश्न उलटा सोडविला. ‘ग्राफिटी’ नावाची सोपी, एका रेघेची अक्षरे यंत्राने ठरवून दिली आणि माणसाने ती शिकून घ्यावीत अशी अपेक्षा केली. व्यवहारात ही युक्ती यशस्वी ठरली. शिक्षणात तिचा उपयोग मर्यादित राहणे अपरिहार्य होते, कारण मुलांना आधी स्वतःच्या लिपीतील अक्षर वळणदार काढायला शिकवायचे असते.

याच काळात ॲपलने खास शाळांसाठी ‘ईमेट ३००’ काढला. मार्च १९९७ मध्ये विक्रीस आलेल्या या यंत्रात न्यूटनची प्रणाली आणि पेन होते, आणि त्याला कळफलकही जोडलेला होता. शाळेसाठी म्हणून काढलेल्या पेन-संगणकाला कळफलक द्यावा लागला, यात उत्पादकाचीच कबुली दिसते. फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यूटनबरोबर ईमेटही बंद झाला. गो कॉर्पोरेशन त्याआधीच, १९९४ मध्ये, संपली होती.

शाई शाईच राहू देणे

मायक्रोसॉफ्टचा टॅब्लेट संगणक ७ नोव्हेंबर २००२ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रकाशित झाला. पाच वर्षांत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या संगणकांत हाच प्रकार सर्वाधिक लोकप्रिय असेल, असे भाकीत बिल गेट्स यांनी त्याच्या आदल्या वर्षी केले होते. ते खरे ठरले नाही. किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास, वजन हातात धरून लिहिण्याच्या मानाने जास्त आणि बॅटरी दिवसभर न पुरणारी. परंतु या संगणकात दोन गोष्टी पूर्वीपेक्षा वेगळ्या होत्या आणि वर्गाला त्या दोन्ही उपयोगी पडल्या.

पहिली गोष्ट यांत्रिक. पडद्यामागील विद्युतचुंबकीय जाळीला केवळ पेनाच्या आतील वेटोळ्याचा प्रतिसाद कळे. तळहात पडद्यावर टेकला तरी रेघ उमटत नसे. माणूस लिहिताना तळहात टेकवतो, ही किरकोळ वाटणारी बाब विसरल्याने अनेक टच-पडदे लेखनास निकामी ठरले आहेत. दुसरी गोष्ट संकल्पनेची. हस्ताक्षर छापील मजकुरात बदललेच पाहिजे हा आग्रह या प्रणालीने सोडला. ओढलेली रेघ ही रेघ म्हणूनच साठविता येई, पुसता येई, हलविता येई. हिलाच ‘डिजिटल शाई’ हे नाव रूढ झाले. यंत्राने वाचणे ऐच्छिक झाले.

या सोयीचा वर्गात काय अर्थ होतो हे वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्लासरूम प्रेझेंटर’ या कार्यक्रमाद्वारे तपासले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाच्या साहाय्याने सुरू झालेले हे काम २००२ पासून प्रत्यक्ष वर्गांत, आरंभी दूरस्थ अभ्यासक्रमांत, वापरले गेले. कल्पना साधी होती. अध्यापकाने तयार स्लाइड आणावी आणि शिकविता शिकविता तिच्यावर पेनने लिहावे. जागा अपुरी पडल्यास स्लाइड आकसून बाजूला मोकळी जागा करता येई. अध्यापकाच्या पडद्यावर त्याच्यापुरती टिपणे दिसत, विद्यार्थ्यांच्या पडद्यावर ती दिसत नसत.

ही कल्पना कोणत्या पार्श्वभूमीवर आली हे ध्यानात घेतले पाहिजे. एडवर्ड टफ्टी यांनी २००३ साली पॉवरपॉइंटच्या विचारपद्धतीवर कठोर टीका करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. स्लाइडवर विषय आधीच शिजून येतो, तो विद्यार्थ्यांसमोर घडत नाही, ही तक्रार त्या काळी अनेक अध्यापक करीत. फळ्यावर सिद्धता एका ओळीनंतर दुसरी अशी उतरते. अध्यापक अडखळतो, चूक खोडतो, मागे जाऊन खूण करतो, आणि विद्यार्थ्याला विचाराची चाल दिसते. पेनामुळे ही चाल स्लाइडवर परत आली.

अँडरसन यांच्या गटाने साठविलेल्या व्याख्यानांतील शाईचा जो अभ्यास २००४ साली मांडला तो या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग आहे. अध्यापक पेनने मुख्यतः मजकूर आणि आकृत्या लिहीत असतील असे गृहीत धरता येईल. प्रत्यक्षात शाईचा मोठा वाटा निराळ्याच खुणांचा निघाला: शब्दाखालची रेघ, आकृतीच्या भागाभोवतीचे वर्तुळ, मुद्दा सांगून झाल्यावर केलेली टिकली. या खुणांचे काम फळ्यावर टेकविलेल्या बोटाचे होते. बोललेल्या शब्दाशी त्या त्या क्षणी त्यांचा संबंध असे. आवाज काढून टाकला तर त्यांतील अनेक खुणांचा अर्थच लागत नसे. अशी खूण कोणत्याही शब्दसंग्रहात सापडणार नाही. तीस वर्षे ज्या हस्ताक्षर-ओळखीवर परिश्रम झाले तिच्या कक्षेत वर्गातील लेखनाचा हा भाग येतच नव्हता.

दुसरा शोध उलट्या दिशेचा होता. विद्यार्थ्यांच्या हाती टॅब्लेट असतील तर अध्यापकाने दिलेल्या स्लाइडवर त्यांनी उत्तर लिहावे आणि ते बिनतारी जोडणीने अध्यापकाकडे पाठवावे, अशी सोय प्रेझेंटरमध्ये केली गेली. अध्यापक आलेल्या उत्तरांतून काही निवडून, नाव न दाखविता, सर्वांसमोर मांडी. चुकीचे उत्तर वर्गासमोर चर्चेला येई आणि चूक करणारा मात्र झाकलेला राही. हात वर करून उत्तर देण्यास संकोचणाऱ्या विद्यार्थ्यांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना या व्यवस्थेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बहुपर्यायी प्रश्नांच्या बटणयंत्रात विद्यार्थी ‘ब’ निवडतो एवढेच कळते. हाताने लिहिलेल्या उत्तरात तो कोणत्या पायरीवर घसरला हे दिसते.

इंडियानातील डेपॉ विद्यापीठात डेव्ह बर्क यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीसच या दिशेने प्रयोग सुरू केले होते. अध्यापकाने इलेक्ट्रॉनिक फळ्यावर लिहिलेले विद्यार्थ्यांच्या पडद्यावर लगेच उमटे आणि विद्यार्थी त्यात आपली भर घालीत. फळ्यावरचे उतरवून घेण्यात जाणारा वेळ वाचवून तो विचाराला द्यावा, हा त्यामागील हेतू. याच प्रयोगांतून पुढे ‘डायनो’ हे व्यापारी उत्पादन निघाले. व्हर्जिनिया टेकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने २००६ सालच्या नव्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट संगणक सक्तीचा केला. त्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठात पेन-तंत्रज्ञानाच्या शैक्षणिक परिणामांवर पहिली कार्यशाळा भरली आणि तिचे निबंध ग्रंथरूपाने निघाले.

अडचणीही याच प्रयोगांनी उघड केल्या. साठ विद्यार्थ्यांनी एकाच वेळी उत्तरे पाठविली तर अध्यापकाने ती पाहायची केव्हा? एमआयटीमध्ये किंबर्ली कॉइल यांच्या गटाने यावर ‘क्लासरूम लर्निंग पार्टनर’ ही प्रणाली रचली. ती विद्यार्थ्यांची हस्तलिखित उत्तरे ओळखून त्यांचे सारख्या उत्तरांचे गट पाडी. हस्ताक्षर-ओळख येथे परतली खरी, परंतु दुय्यम भूमिकेत. शेवटचे वाचन अध्यापकाचेच होते.

देवनागरीचा प्रश्न

२००२च्या टॅब्लेट प्रणालीची हस्ताक्षर-ओळख इंग्रजी, काही युरोपीय आणि काही पूर्व आशियाई भाषांपुरती होती. देवनागरी तीत नव्हती. वरवर पाहता ही उणीव भारतीय वर्गाला पेन-संगणकापासून दूर ठेवणारी वाटते. वास्तविक शाई शाईच राहू दिली तर सर्व लिप्या समान ठरतात. त्या पडद्यावर मराठी, उर्दू आणि मोडी पहिल्या दिवसापासून लिहिता येत होती. फक्त यंत्राला ती वाचता येत नव्हती.

यंत्राला देवनागरी वाचायला शिकविणे अवघड का, याचे उत्तर लेखनाच्या क्रमात आहे. ‘कि’ लिहिताना बहुतेक लेखक वेलांटी आधी काढतात आणि क नंतर. संगणकातील साठवणीत क आधी असतो. ‘धर्म’ या शब्दात रफार उच्चारात म च्या आधी, लेखनात म च्या नंतर, आणि जागा म च्या डोक्यावर. शिरोरेषा कोणी अक्षरागणिक देतो, कोणी शब्द पुरा झाल्यावर एका झटक्यात, आणि घाईत लिहिणारे विद्यार्थी ती देतच नाहीत. मोडीत तर ती आधीच कागदभर आखून घेण्याची रीत होती आणि हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिला टांगली जात. म्हणजे एकाच भाषेच्या दोन लिप्यांत शिरोरेषेचा क्रम एकदम उलटा. त्यात मराठीची स्वतःची भर आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थभेद एका लहानशा वक्र रेघेवर अवलंबून असतो, आणि मराठी वळणाचे ल आणि श हिंदीतील वळणाहून वेगळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची जी प्रमाण रूपे ठरविली त्यांत या दोन अक्षरांचाही विचार आहे. हिंदी लेखनाच्या नमुन्यांवर शिकलेल्या यंत्राने येथे अडखळावे यात नवल नाही.

बंगळुरू येथील एचपी लॅब्जच्या भारतीय शाखेने या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय लिप्यांच्या हस्ताक्षर-ओळखीसाठी ‘लिपी टूलकिट’ हे मुक्त साधन उपलब्ध करून दिले. पुढे २०१५ साली गूगलने मोबाइलवर हाताने लिहिण्याची सोय ८२ भाषांसाठी दिली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. एव्हाना वर्गातील पेन-संगणकाची पहिली लाट ओसरून गेली होती.

बोटाचा पडदा आणि स्वस्त टॅब्लेट

२०१० साली आलेल्या आयपॅडने टॅब्लेट हा शब्दच आपलासा केला. त्याचा पडदा बोटासाठी होता. बोटाची जाडी ओळखणाऱ्या या पडद्यावर बारीक टोकाचे साधे पेन चालत नसे आणि तळहात टेकविला की गोंधळ उडे. वाचन, चित्रफीत, खेळ यांसाठी उत्तम असलेले हे साधन शाळांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. लिहिण्याचा प्रश्न काही वर्षे बाजूला पडला. मायक्रोसॉफ्टचा सर्फेस प्रो २०१३ साली पेनासह आला आणि ॲपलने स्वतःचे पेन २०१५ साली काढले, तेव्हा २००२ मध्ये हाती असलेली सोय परत मिळाली.

भारतात दोन प्रयत्नांची नोंद घ्यावी लागते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतील अभियंते यांनी २००१ साली ‘सिम्प्युटर’चा नमुना सादर केला. स्टायलसने चालणारे, भारतीय भाषांत बोलून दाखविणारे, स्मार्ट कार्डमुळे अनेकांना वाटून वापरता येणारे हे यंत्र कल्पनेच्या दृष्टीने काळाच्या पुढे होते. २००४ साली ते बाजारात आले. अपेक्षित प्रसार मात्र झाला नाही. दुसरा प्रयत्न ‘आकाश’चा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत त्याचे प्रकाशन झाले. सुमारे पन्नास डॉलर किमतीच्या या सात इंची टॅब्लेटचा पडदा दाबावर चालणारा होता. त्यावर नखानेही रेघ उमटे आणि टेकलेल्या हातानेही. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या आकाश-२ ची जबाबदारी मुंबईच्या आयआयटीकडे होती आणि त्याचा पडदा बोटासाठी होता. दोन्ही वेळी चर्चा झाली ती किमतीची. या पडद्यावर विद्यार्थी लिहू शकेल काय, हा प्रश्न धोरणाच्या पातळीवर क्वचितच ऐकू आला.

मूल्यांकनाच्या नमुन्यांतही तीच दृष्टी आढळते. माहिती-तंत्रज्ञानयुक्त वर्गखोल्या किती, हे नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालात भरता येते. त्या खोल्यांत कोणी समीकरण लिहिले काय, यासाठी तक्त्यात रकाना नाही.

भारतातील खरी पर्यायी परंपरा दुसरीकडेच वाढत होती. २००३ पासून सुरू झालेल्या एनपीटीईएल प्रकल्पातील अनेक व्याख्यानांत प्राध्यापक वरून रोखलेल्या कॅमेऱ्याखाली कोऱ्या कागदावर साध्या पेनने लिहिताना दिसतात. महाग टॅब्लेट नसताना लेखनाची चाल विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्याचा हा मार्ग होता, आणि पेन-संगणकाच्या इतिहासात त्याला स्थान दिले पाहिजे.

येथे एका बहुचर्चित संशोधनाचा उल्लेख आवश्यक आहे. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी २०१४ साली हाताने टिपणे घेणारे विद्यार्थी लॅपटॉपवर टंकणाऱ्यांपेक्षा संकल्पनात्मक प्रश्नांत सरस ठरतात असा निष्कर्ष मांडला. टंकणारे शब्दशः उतरवून घेतात, असे त्याचे कारण दिले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्प्रयोगात शब्दशः उतरविण्याचा फरक आढळला, गुणांतील फरक मात्र तसा आढळला नाही. शिवाय ही तुलना कागद आणि कळफलक यांची होती. डिजिटल पेनाच्या समर्थनार्थ तिचा दाखला देण्याची जी सवय जाहिरातींना जडली आहे, तिला त्या प्रयोगात आधार नाही.

२०२० आणि जतनाचा प्रश्न

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा फळा हरवल्याची जाणीव सर्वप्रथम गणित, भौतिकी आणि रसायनशास्त्राच्या अध्यापकांना झाली. कोणी पेन-टॅब्लेट मागविला, कोणी पुस्तकांच्या थप्पीवर मोबाइल आडवा ठेवून खालच्या वहीवर लिहिले. दोन्ही उपाय अध्यापकाचे लेखन विद्यार्थ्यांपर्यंत नेत. उलट दिशेचा मार्ग, प्रेझेंटरने पंधरा वर्षांपूर्वी दाखविलेला, बहुतेक ठिकाणी बंदच राहिला. विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल होता, तो बोटाचा होता. उत्तर वहीत लिहून त्याचे छायाचित्र पाठविले जाई आणि ते अध्यापकापर्यंत पोहोचेपर्यंत तास संपलेला असे. विद्यार्थी कोठे घसरला हे तासातच दिसणे आणि दुसऱ्या दिवशी दिसणे यांत अध्यापनाच्या दृष्टीने बराच फरक आहे.

पहिल्या लाटेतील अध्यापकांनी लिहिलेल्या शाईचे काय झाले, हाही इतिहासाचाच भाग होय. त्या काळच्या टॅब्लेट संगणकावर ‘विंडोज जर्नल’ ही वही असे आणि तिची फाइल जेएनटी या प्रकारची. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज १० मधून ती वही काढून टाकली. जुन्या फाइली उघडण्यासाठी वेगळा जोडकार्यक्रम शोधून घ्यावा लागे. शाईच्या देवाणघेवाणीसाठी ‘इंकएमएल’ हे खुले प्रमाण २०११ साली मान्य झाले होते, पण तोवर अनेकांची व्याख्याने बंदिस्त स्वरूपात लिहून झाली होती. पन्नास वर्षांपूर्वीची कागदी टिपणवही आजही उघडते. २००५ सालच्या जर्नलमधील पानासाठी आधी यंत्र जुळवावे लागते, आणि ते उघडले तरी आलेखावरील एखाद्या बिंदूभोवती एकावर एक ओढलेली तीन वर्तुळे तेवढी दिसतात. ती काढताना अध्यापक काय बोलत होते ते त्या फाइलीत नाही.